वजन उतरले, पण घर का घाबरले?



गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची वंदना झाली, खीरदान झाले आणि विहाराच्या दारात चपला शोधायची गडबड सुरू झाली. तेवढ्यात आमच्या जुन्या चाळीतल्या एक वयस्कर आक्का पुढे आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि माझ्याशी न बोलता माझ्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "काय गं, सासूला जेवाया घालतीस का न्हाई? पार चिपाड झालंय की तिचं!"

चार बायका हसल्या. सूनबाईही हसली. पण घरी आल्यावर ती ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, ती बराच वेळ वळलीच नाही. माझ्यासाठी रोज मटकीला मोड आणणारी, तेल चमच्याने मोजून घालणारी, नोकरीवर जाण्याआधी माझी ज्वारीची भाकरी थापून ठेवणारी हीच मुलगी. आणि चारचौघांत बोल बसला तो तिलाच.

मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. वजन कमी करा, असे मी हजारो रुग्णांना सांगितले असेल. पण वजन खरोखरच कमी झाले म्हणजे शरीरात, मनात आणि घरात काय काय होते, हे मी एकालाही कधी सांगितले नाही. कारण ते मलाच ठाऊक नव्हते. आज या सदरात तेच सांगणार आहे.

माझी चूक

निवृत्त झाल्यावर माझे वजन ७४ किलोवर गेले. उंची पाच फूट एक इंच. शुगर होती, बीपी होता, गुडघे तर जिना पाहूनच कुरकुरायचे. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा किलो हळूहळू उतरवा. हळूहळू हा शब्द मी ऐकला नाही. उत्साहाच्या भरात चहातली साखर सोडली, फरसाण सोडले, भात अर्धा केला, इथपर्यंत ठीक होते. पण त्यावर रात्रीचे जेवणही बंद केले. दोन महिन्यांत नऊ किलो उतरले. काटा पाहून मीच माझी पाठ थोपटत होते.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी रेल्वेच्या पुलावर दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. केळी विकणाऱ्या एका बाईने मला धरून खाली बसवले. चहावाल्या पोराने दुप्पट साखर घालून चहा पाजला. पंधरा-वीस मिनिटांनी माणसात आले. पुढे दवाखान्यात कळले, की साखर फार खाली गेली होती. वजन नऊ किलो कमी झाले, जेवण निम्मे झाले, पण शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या मात्र जुन्या वजनाच्याच चालू होत्या. दुसऱ्याच्या केसपेपरवर ही गोष्ट मी लगेच पकडली असती. स्वतःच्या बाबतीत दोन महिने दवाखान्याची पायरी चढले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. वजन उतरू लागले की रक्तदाब आणि साखर दोन्ही खाली येतात. ही आनंदाचीच बाब आहे. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. गोळ्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. जेवण बदलायच्या आधीच डॉक्टरांना सांगा आणि दर दोन-चार किलोंमागे त्यांना दाखवा. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

अंगात काय काय बदलले

पुढचे पाच किलो मी शहाणपणाने, सहा महिन्यांत उतरवले. आज वजन ६० आहे. या काळात ज्या गोष्टींनी मला आणि घरच्यांना घाबरवले, त्या एकेक सांगते.

थंडी. सगळी चाळ पंख्याखाली, आणि मी कोपऱ्यात चादर ओढून! अंगावरची चरबी म्हणजे एक प्रकारची गोधडीच असते. ती पातळ झाली की गारवा आत शिरतो. शिवाय कमी खाणारे शरीर उष्णताही बेताचीच तयार करते.

बसणे. विहारात सतरंजीवर मांडी घालून बसले की माकडहाड टोचू लागले. बसण्याची जागा जन्मभर मऊ होती, ती झिजली. आता मी घडी घातलेली चादर सोबत नेते. त्यात लाज कसली?

बांगड्या आणि अंगठी. चरबी पोटावरूनच जाते असे नाही, बोटांवरून आणि पावलांवरूनही जाते. चपला सैल झाल्या. भांडी घासताना अंगठी कधी मोरीत गेली ते कळलेही नाही. लग्नातली होती. वजन उतरवायला घेतलेल्या बहिणींनी अंगठी आधीच काढून डब्यात ठेवावी.

केस. चौथ्या महिन्यात फणीत केसांचे पुंजके यायला लागले. सूनबाई घाबरली, मीही मनातून घाबरले. पोटाला एकदम तोडले की शरीर काटकसर करू लागते. जगण्याला जे लागत नाही, त्याचा खर्च आधी बंद. केसांची वाढ थांबते आणि दोन-तीन महिन्यांनी ते गळू लागतात. म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड लवकर लागत नाही. बहुतेकांचे केस पुढच्या सहा-आठ महिन्यांत परत येतात. तेल बदलून उपयोग नसतो, ताटात डाळ, अंडे, मासा, हिरवी भाजी वाढवावी लागते. तरीही थांबले नाही तर रक्त आणि थायरॉईड तपासून घ्यावे.

कातडी. दंड लोंबू लागले, गळ्याला सुरकुत्या आल्या, गाल बसले. फुगा एकदम सोडला की चुरगळतो, तसे. वय जास्त आणि लठ्ठपणा जुना असेल तर कातडी पूर्ववत होत नाही. कोणतेही मलम ती आवळत नाही. पैसे घालवू नका.

पित्ताचे खडे. हे मला झाले नाही, पण तुम्हाला सांगणे भाग आहे. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. चरबी वेगाने वितळते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते. उपाशी पोटी पित्ताशय रिकामे होत नाही आणि साचलेल्या पित्ताचे खडे बनतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊन ती पाठीत किंवा खांद्यात गेली, उलट्या झाल्या, ताप आला, डोळे पिवळे झाले, तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका.

आता चांगलेही सांगते. चालताना गुडघ्यावर नुसते वजन पडत नाही, वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले, की एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. माझे १४ किलो गेले, हिशेब तुम्हीच करा. रेल्वेचा पूल आता मी कठड्याला न धरता चढते.

आणि एक गंमत. माझे घोरणे थांबले. चाळीस वर्षे ज्या आवाजात झोपायची सवय, तो आवाजच बंद! आमचे हे रात्री दोनदोनदा उठून माझ्या नाकापुढे हात धरून बघायचे, की बाई श्वास घेते आहे ना.

मनाचे काय होते

अंगाचे झाले. मनाचे मात्र मी कोणापुढे बोलले नव्हते.

पहिले म्हणजे चिडचिड. नातवाने पाण्याचा पेला सांडला म्हणून मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. जन्मात मारले नव्हते. रात्री डोळे मिटले की वडापावची गाडी दिसायची. भाजी निवडताना शेजारणीशी मी एकच विषय काढायची, कोण काय खाते. मला वाटायचे, आपणच हावरट, आपलेच मन कच्चे.

मग एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचले आणि डोळे उघडले. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे समजण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे निम्म्यावर अन्न दिले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ही धडधाकट, सुस्वभावी मुले चिडकी झाली, उदास झाली, एकटी राहू लागली. त्यांना सतत थंडी वाजे. बसताना हाडे टोचत. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. अन्नाशिवाय दुसरा विचारच डोक्यात येईना. त्यांची उपासमार माझ्याहून फार कडक होती, पण वाचताना मला माझाच कोपरा आणि माझीच चादर दिसली. हे कच्च्या मनाचे लक्षण नव्हते, पोटाला कमी पडल्याचे लक्षण होते.

भूक लवकर पाठ सोडत नाही हेही खरे. २०११ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभराने पुन्हा तपासले. भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी शरीरातली रसायने तेव्हाही पूर्ववत झाली नव्हती. शरीर गेलेले वजन परत मागत राहते. म्हणून उतरवलेले वजन पुन्हा चढले तर त्या माणसाला आळशी, खादाड म्हणू नका. तो चढावर गाडी ढकलत असतो.

दुसरी गोष्ट, मन मागे राहते. लोकलच्या दारातून मी अजून आडवी होऊन शिरायची. शिलाईवाल्याने माप घेतले तर म्हटले, "भाऊ, सैलच शिवा." त्याने माप पट्टीसमोर धरून दाखवले तेव्हा मीच गप्प झाले.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. एका रात्री आरशात पाहिले आणि मला माझी आई दिसली. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे मिळालेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी आणायची. तिच्या गळ्याची हाडे, बसलेले गाल, कोपरापर्यंत सरकणारी काचेची बांगडी. त्या आरशात तीच बाई उभी होती. मुंबईला आल्यावर माझे अंग भरले तेव्हा आई माझ्या दंडावरून हात फिरवून म्हणाली होती, "आता माझी लेक खाऊन-पिऊन सुखी दिसती." ते सुख मी माझ्याच हाताने उतरवून टाकले, असे वाटून त्या रात्री मी खूप रडले.

म्हणूनच आक्कांचा मला राग येत नाही. आमच्या पिढीने माणसे रोडावताना पाहिली ती भुकेने, टीबीने, दारूने आणि काळजीने. कोणी सुखाने बारीक झालेला आम्ही पाहिलाच नाही. अंग धरले म्हणजे बरे चालले आहे आणि अंग उतरले म्हणजे घरात काहीतरी बिनसले, हे आमच्या हाडात मुरलेले आहे. आक्कांचे ते बोलणे म्हणजे काळजीच होती. पण काळजीचे दगड सुनेच्या डोक्यात घालायचे नसतात.

कौतुक करणाऱ्यांनीही जरा जपावे. "आता कशी छान दिसतेस!" असे कोणी म्हटले की पहिल्यांदा बरे वाटते. मग रात्री वाटते, म्हणजे आधी मी कशी दिसत होते? माझ्याशी कधी न बोलणाऱ्या दोन बायका आता थांबून बोलतात. माणूस तर मी तीच आहे.

दोन इशारे

कोणी प्रयत्न न करता रोडावत असेल तर ते कौतुकाचे नाही, तपासणीचे आहे. ६० किलोच्या माणसाचे सहा महिने ते वर्षभरात तीन किलो आपोआप गेले तर डॉक्टरांना दाखवावे. टीबी, मधुमेह, थायरॉईड, कर्करोग, मनाची उदासी, काहीही असू शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत.

दुसरा इशारा आयांना. मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हणून तिला उपाशी ठेवू नका. वजन फार घटले की पाळी थांबते, हाडे कमजोर होतात, मन कोमेजते. उलट ज्या सुनांची पाळी लठ्ठपणाने अनियमित होती, त्यांची पाळी वजन उतरल्यावर सुरळीत होऊ शकते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर आधीच सल्ला घ्यावा.

हल्ली आठवड्याला एक टोचायच्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. २०२५ साली वजनासाठीची अशी इंजेक्शने आपल्या देशात विक्रीला आली. ती औषधे आहेत, जादू नव्हे. मळमळ, उलट्या, पित्ताचे खडे आणि स्नायूंची झीज त्यांतही होऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, ओळखीतल्या कोणाकडून आणून ती टोचून घेऊ नयेत.

हे लक्षात ठेवा

१. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला. एक किलोच्या पुढे जाऊ नका.

२. जेवण बंद करू नका, ताट बदला. भात कमी, डाळ-उसळ जास्त. अंडी, सुकट, बोंबील, शेंगदाणे हे आपले स्वस्त आणि ताकदीचे अन्न आहे. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

३. चरबीबरोबर स्नायूही जातात. ते टिकवायला चालण्यासोबत थोडी ताकदीची मेहनत लागते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढेही पुरे.

४. घरात आधी सांगा. मी वजन का उतरवते आहे, पुढचे काही महिने चिडेन, केस गळतील, घाबरू नका, हे नवऱ्याला, सुनेला, मुलांना आधीच कळले तर निम्मे भांडण वाचते.

५. सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, अन्नाची भीती वाटू लागली असेल, तर लपवू नका. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

शेवटी एक जुनी गोष्ट. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदि भेटतो. तो जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपवास सांगितला नाही, जेवणाचे प्रमाण ओळखायला सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला. रोज जेवताना त्याने तो राजाला ऐकवायचा. राजाचा आहार हळूहळू कमी होत गेला. पुढे अंग हलके झाल्यावर तो स्वतःच्या अंगावरून हात फिरवून आनंदाने बोलला. मला या गोष्टीत दोन शब्द फार मोलाचे वाटतात, हळूहळू आणि सोबत. राजालासुद्धा ताटापाशी आठवण करून देणारे माणूस लागले. माझ्या घरी ते माणूस माझी सून आहे.

पुढच्या रविवारी मी विहारात मुद्दाम सुनेचा हात धरून आक्कांपुढे गेले. चारचौघांत झाले होते, म्हणून चारचौघांतच सांगितले, "आक्का, हिनं उपाशी ठेवलं न्हाई मला. हिनं मोजून, जपून वाढलं, म्हणून माझी गोळी कमी झाली. आता जिना चढते मी."

आक्का जरा गप्प राहिल्या. मग सुनेच्या गालावरून हात फिरवून हळूच म्हणाल्या, "माझंबी गुडघं लई दुखत्यात गं. तू कायकाय घालतीस हिला, ते मलाबी सांग की."

सूनबाई खरोखरीची हसली. तिथेच सतरंजीवर दोघी बसल्या. मी माझी चादरीची घडी आक्कांना दिली.

जयभीम.